तेही बौद्ध, आपणही बौद्ध

टोकियोत नोकरीला आलेल्या मराठी पोरींचे मला अधूनमधून फोन येतात. सुरुवात व्हिसाच्या नाहीतर भाड्याच्या घराच्या प्रश्नानं होते आणि अर्ध्या तासानं खरा विषय निघतो: ऑफिसातला एक जण आवडतो, जपानी आहे, घरी कसं सांगू? मी नागपूरची, इंदोऱ्यातल्या बौद्ध घरातली. पुण्यात जपानी शिकले, सॉफ्टवेअर कंपनीत ब्रिज इंजिनिअर म्हणून इकडे आले आणि निईगाताच्या एका शेतकरी घरची थोरली सून झाले. एवढ्यावर मी या विषयातली जाणकार ठरले आहे. प्रत्येकीला तेच ते सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढलेलं बरं. यातलं काही फक्त जपानला लागू आहे, काही फक्त आमच्यासारख्या घरांना. ज्याचं त्यानं वेचून घ्यावं.

१. आधी कोणाला सांगायचं ते ठरवा

आईला सांगितलं की पप्पांना कळतंच, पण ते आईच्या धास्तीसकट कळतं. म्हणून मी सुरुवात मोठ्या आत्यापासून केली. आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली मुख्याध्यापिका. तिच्या शब्दाबाहेर पप्पा सहसा जात नाहीत. मला वाटलं, ती देश विचारेल, धर्म विचारेल. तिनं विचारलं, "पोट्टा पेते काय?" मी म्हटलं, "ऑफिसच्या पार्टीत बिअर." "मंग तेवढं तुह्या बापाले मी सांगतो. बाकीचं तू सांग." कामाची ही वाटणी फार उपयोगी पडली.

त्याच्या बाजूचा क्रम वेगळा असतो, तो समजून घ्या. जपानमध्ये सुरुवात बरीच औपचारिक असते. मुलगा किंवा मुलगी समोर उभं राहून सांगते की मला तू आवडतोस, आपण एकत्र येऊ या का. उत्तर मिळालं की त्या दिवसापासून ते जोडपं. पण आईवडिलांच्या घरी न्यायचं ते बहुधा लग्न ठरतंय असं दिसल्यावरच. तेव्हा तो वर्षभर घरी नेत नाही म्हणून "लपवून ठेवतोय" असा अर्थ काढू नका. उलट "नव्या वर्षाला गावी येतेस का?" असं त्यानं विचारलं, तर पिशवी भरण्याआधी नीट विचार करा. ते साधं फिरायला जाणं नसतं.

आणि इकडे सगळं मोकळं, लग्न म्हणजे फक्त दोघांचा मामला, ही समजूतही आवरती घ्या. जपानमध्ये प्रेमविवाहांची संख्या ठरवून केलेल्या लग्नांच्या पुढे गेली ती १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात. त्याआधी मध्यस्थ, मुलीचा स्टुडिओत काढलेला फोटो, सोबत शिक्षण-घराणं-भावंडांची माहिती लिहिलेला कागद, आणि मग हॉटेलात दोन्हीकडच्यांसमोर पहिली भेट. त्याला ओमिआई म्हणतात. पोहे नसतात, बाकी सगळं असतं. माझ्या सासूबाईंच्या थोरल्या बहिणीचं लग्न असंच झालं. तेव्हाचा तिचा फोटो त्यांनी मला दाखवला आणि आईनं माझ्यासाठी सीताबर्डीच्या स्टुडिओत काढून घेतलेला फोटो मी त्यांना मोबाइलवर दाखवला. मान एकाच बाजूला कललेली होती.

२. साम्य दिसलं की जास्त सावध व्हा

"तेही बौद्ध, आपणही बौद्ध, मंग टेन्शन कायचं?" मामाच्या या एका वाक्यावर आमच्याकडचा निम्मा विरोध मावळला. नागपूरच्या माणसाला जपान परका वाटतच नाही. इंदोऱ्याच्या बुद्ध विहारातले भदंत सुरेई ससाई मूळचे जपानी. १९६० च्या दशकात भारतात आले आणि नागपूरचे झाले. कामठीचं ड्रॅगन पॅलेस हे बुद्धमंदिर जपानी मदतीतून उभं राहिलं, १९९९ मध्ये. आमच्या लहानपणी पाहुणे आले की रविवारी तिकडे जायचं हे ठरलेलं. त्यामुळे जपान म्हणजे बुद्धाचा देश आणि जावई म्हणजे आपल्याच धम्मातला, असं सगळ्यांनी गृहीत धरलं.

मग आई, पप्पा आणि मामा निईगाताला आले. सासरचं घर जुन्या पद्धतीचं, लाकडी. आतल्या खोलीत बुत्सुदान, म्हणजे घरातलं बुद्धाचं कपाट: काळ्या लाखेचं, आतून सोनेरी, पुढे भाताची छोटी वाटी, वरच्या भिंतीवर आजोबा-पणजोबांचे फोटो ओळीनं. पप्पा समोर बसले, हात जोडले आणि नेहमीच्या खणखणीत आवाजात त्रिशरण म्हणायला लागले. दुसऱ्या ओळीला सासूबाईंचा आवाज त्यात मिसळला. बुद्धं सरणं गच्छामि त्यांना पालीतच येत होतं; देवळाच्या महिला मंडळात ते चालीवर म्हणतात. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मामानं माझ्याकडे पाहून मान हलवली: सांगितलं होतं ना?

दुपारी देवळाचे भिक्खू आले. स्कूटरवर. सोबत त्यांच्या पत्नीनं घातलेलं मुळ्याचं लोणचं. जेवणाला बसल्यावर सासऱ्यांनी त्यांच्या पेल्यात साके ओतली, त्यांनी ती आनंदानं घेतली आणि पप्पांचा पेला भरायला बाटली उचलली.

पप्पांचा चेहरा मी विसरणार नाही. ज्यांनी आयुष्यभर वस्तीतल्या पोरांना पंचशीलातलं पाचवं शील समजावलं, बावीस प्रतिज्ञा ज्यांना उलट्या क्रमानंही येतील, त्यांच्यासमोर भन्ते दारू घेऊन बसलेले, आणि भन्तेंना बायकोसुद्धा! पप्पा हळूच म्हणाले, "हे असे कसे भिक्खू?"

याचं उत्तर मी येण्याआधी वाचून ठेवलं होतं. सासरचं घर जोदो शिन्शू पंथाचं. त्याचे प्रवर्तक शिनरान यांना १२०७ मध्ये क्योतोतून हद्दपार करून एचिगोला, म्हणजे आजच्या निईगातालाच पाठवलं होतं. त्यांनी उघडपणे लग्न केलं, मुलंबाळं झाली, आणि संसारी माणसालाही मार्ग खुला आहे असं शिकवलं. पुढे १८७२ मध्ये जपानी सरकारनं सगळ्याच पंथांच्या भिक्खूंना लग्न करायची आणि मांस खायची मोकळीक दिली. तेव्हा हे भन्ते बिघडलेले नव्हते. त्यांच्या परंपरेत ते चोखच होते. पप्पांनी ऐकून घेतलं. "ठीक आहे," म्हणाले, "पण मी नाही घेणार." त्यांच्यासाठी बार्लीचा चहा आला आणि जेवण पुढे गेलं. मामानं मात्र भन्तेंचा मान राखला, एकदा नव्हे तर तीनदा.

वेगळेपण डोळ्यांना दिसतं, त्यामुळे त्याची तयारी आपण करतोच. भाषा, जेवण, थंडी, गरम पाण्याच्या सार्वजनिक न्हाणीघराची लाज, हे सगळं मी घरच्यांना आधीच समजावलं होतं आणि त्यातल्या कशानंही त्रास झाला नाही. धक्के बसले ते "हे तर आपल्यासारखंच" म्हणून सोडून दिलेल्या ठिकाणी. आमच्या घरी धम्म म्हणजे १४ ऑक्टोबर १९५६, बाबासाहेब, शिक्षण, अंधश्रद्धेला नकार. सासरी तो पूर्वजांशी बांधलेला आहे: मृत्यूनंतरचा एकोणपन्नासावा दिवस, वर्षश्राद्ध, मग तिसरं, सातवं, तेरावं, असं करत तेहेतिसावं वर्ष. जी कर्मकांडं सोडायला माझ्या आजोबांनी धर्म बदलला, त्याच जातीची कामं मला तिथं बुद्धाच्या नावानं सुनेची म्हणून सांगितली जातात. काही मी करते, काही नाही करत. काय करणार आणि काय नाही, हे लग्नाआधी नवऱ्याशी बोलून ठेवलं होतं, म्हणून निभतं.

३. जात विमानात बसत नाही, असं समजू नका

मामाचं दुसरं आवडतं वाक्य: "तिकडं कोणी जात तं नाही विचारणार." आमच्यासारख्या घरातल्या मुलीला या वाक्यात केवढा दिलासा असतो ते ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. पण जपानचा इतिहास वाचला तर तिथंही बुराकू समाज भेटतो. कातडी कमावणं, मेलेली जनावरं उचलणं अशा कामांमुळे वाळीत टाकलेले लोक. १८७१ मध्ये कायद्यानं त्यांना बरोबरीचं केलं, तरी भेदभाव उरला. १९२२ मध्ये त्यांनी स्वतःची सुइहेइशा ही संघटना उभी केली. लग्न ठरवताना खासगी गुप्तहेर लावून मुलाचं-मुलीचं मूळ गाव शोधायची रीत होती. १९७५ मध्ये तर बुराकू वस्त्यांची नावं छापलेली पुस्तकं कंपन्यांना चोरून विकली जात असल्याचं उघड झालं. त्यानंतर कुटुंबनोंदीची वही, कोसेकी, कोणालाही पाहता येणं बंद झालं. भेदभाव संपवण्यासाठीचा स्वतंत्र कायदा आला तो २०१६ मध्ये. एवढ्या उशिरा कायदा करावा लागला यावरून काय ते समजा.

सासऱ्यांच्या एका वृद्ध आत्यांनी सासूबाईंना विचारलंच होतं, "पोरीच्या घरची चौकशी केलीत का?" हे नवऱ्यानं मला सांगितलं तेव्हा मी ठरवलं की आपली चौकशी आपणच करून द्यायची. पुढच्या भेटीत मी सासू-सासऱ्यांना सगळं सांगितलं: आमचे पूर्वज कोण, त्यांना कोणत्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं, बाबासाहेब कोण, आजोबा दीक्षाभूमीवर त्या दिवशी कसे पोहोचले. सासरे शांतपणे ऐकत होते. शेवटी त्यांनी एकच विचारलं, "तेव्हा आजोबांचं वय काय होतं?" मी म्हटलं, एकोणीस. ते म्हणाले, "एकोणिसाव्या वर्षी मी ट्रॅक्टर शिकत होतो." त्यानंतर हा विषय निघालेला नाही.

उलट "आडनाव काय तुमचं? नागपूरचे का? मग कोणत्या भागातले?" ही प्रश्नमालिका मला ऐकू आली ती टोकियोत, एका मराठी घरच्या हळदीकुंकवात, हातात तिळगुळाची वडी असताना. निईगाताच्या आत्याबाईंना मी माफ केलं आहे. त्या निदान सरळ विचारत होत्या.

४. कपडे आधी सांगा, फोटोसकट

आमच्याकडे लग्नात पांढरं. नवरी पांढऱ्या साडीत, बायका पांढऱ्या साडीत, झालाच तर निळा काठ. जपानी रिसेप्शनला पाहुणीनं पांढरं घालणं म्हणजे नवरीची बरोबरी करणं, मोठा असभ्यपणा. आणि वरमाईनं नेसायचा सर्वांत मानाचा किमोनो असतो काळा, फक्त खाली पायाशी नक्षी. म्हणजे चित्र काय होणार होतं बघा: सासूबाई नखशिखांत काळ्यात, आई नखशिखांत पांढऱ्यात, आणि दोघीही आपापल्या परीनं सगळ्यात शुभ कपड्यांत. आई म्हणाली, "लग्नात काळं? संक्रांत आहे काय?"

आम्ही कोणालाच बदलायला लावलं नाही. जेवणाच्या टेबलावरच्या कार्डात नवऱ्यानं पाच-सहा ओळी छापल्या: मुलीकडच्यांचा पांढरा वेष कशाचा आहे, तो १९५६ शी कसा जोडलेला आहे. म्हातारी माणसं चष्मे चढवून ते वाचत होती. नंतर तीन-चार बायका आईजवळ येऊन साडीचा पदर हातात घेऊन पाहून गेल्या. समजावून सांगितलं की लोक सोसतात, नुसतं सोसत नाहीत तर रसही घेतात. न सांगता गेलं की मागून वर्षभर बोलतात. नागपुरातही हेच आहे.

५. मुहूर्त

पप्पा मुहूर्त मानत नाहीत. सासूबाई मानतात, जपानी कॅलेंडरात दर तारखेखाली दिवस बरा की वाईट ते छापलेलं असतं आणि लग्नाला तायआन हा दिवस उत्तम. पप्पांना १४ ऑक्टोबर हवा होता. सासूबाईंच्या कॅलेंडरात तो दिवस वाईट निघाला. जपानमध्ये लग्न कायद्यानं लागतं ते वॉर्ड ऑफिसात अर्ज दिल्यावर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी; समारंभाची गरजच नाही. तेव्हा अर्ज त्यांच्या चांगल्या दिवशी दिला आणि नागपूरचा मंगल परिणय आमच्या सोयीच्या रविवारी. १४ तारखेच्या आसपास तसंही नागपुरात हॉटेल मिळत नाही.

६. पैशाचं आकड्यांत बोला

जपानी लग्नात पाकिटातून रोख रक्कम देतात, नव्या कोऱ्या नोटा, वर लाल-पांढऱ्या दोऱ्याची गाठ. मित्र किंवा सहकारी असेल तर साधारण तीस हजार येन. रकमेचा पहिला आकडा विषम हवा. समसमान वाटणी होईल अशी रक्कम म्हणजे जोडी फुटायची, असा समज. नागपूरला आलेला आहेर मोजताना नवऱ्यानं पाचशे एक, एक हजार एक पाहिले आणि वरच्या एका रुपयाचं कारण त्याला कोणी सांगावं लागलं नाही. आहेराची वही लिहायला मामानं त्यालाच बसवलं. नावं मी सांगत होते, तो जपानी अक्षरांत लिहीत होता. ती वही आज कोणालाच धड वाचता येत नाही, आणि परतीचे आहेर करताना आईची रोज पंचाईत होते.

गमतीचा भाग इथंच संपतो. खरा पैसा पुढे आहे. पुष्कळ जपानी घरांत नवऱ्याचा पगार बायकोच्या हातात येतो आणि ती त्याला महिन्याचा हातखर्च देते. ऐकायला छान वाटतं. पण सगळ्या घराचा हिशोब तुमच्याकडे आला की नागपूरला जाणारी रक्कमही त्याच वहीत उघडी पडते. मी लग्नाआधीच सांगितलं होतं: धाकट्या भावाचं इंजिनिअरिंग आणि घराच्या कर्जाचा हप्ता यांसाठी दर महिन्याला इतके येन जाणार, इतकी वर्षं जाणार, त्यात घासाघीस नाही. नवरा दोन दिवस विचार करून हो म्हणाला. "थोडंफार पाठवत असते" अशा मोघम बोलण्यावर लग्न करणाऱ्या पोरींची पुढे काय ओढाताण होते ती मी पाहिली आहे. भारतात मुलीनं माहेरी पैसे पाठवणं हीच अजून अनेकांना न पटणारी गोष्ट. माझ्या आईला तर ते घेताना लाज वाटते. तिला मी इतकंच सांगते की मला दादा असता तर त्याच्याकडून घेतले नसते का?

एक कामाची माहिती. भारतातल्या आईवडिलांना तुमच्या करात अवलंबित म्हणून दाखवता येतं, पण २०२३ पासून नियम कडक झाला. तीस ते एकोणसत्तर वयाच्या नातेवाइकासाठी, तो विद्यार्थी किंवा अपंग नसेल तर, वर्षाला किमान तीन लाख ऐंशी हजार येन त्याच्या नावानं पाठवल्याचा पुरावा लागतो. त्याच्या नावानं हे महत्त्वाचं. सगळे पैसे वडिलांच्या खात्यात टाकले की आईची सवलत जाते. आईचं वेगळं खातं काढा. करासाठी काढा, आणि आईसाठीही काढा.

७. स्वतःच्या लग्नात दुभाषी होऊ नका

दिवसभर मी हेच काम करते. पुण्याच्या टीमचं बोलणं टोकियोच्या क्लायंटला आणि क्लायंटचं पुण्याला. त्या कामात एक गोष्ट हाताला लागते: तणाव वाढायला लागला की मधला माणूस नकळत दोन्हीकडचं थोडं थोडं गाळतो. ऑफिसात ते चालतं. दोन व्याह्यांच्या पहिल्या बैठकीत गाळलेलं मात्र कधी ना कधी उकरून निघतं आणि तेव्हा गाळणारी सून सापडते. म्हणून त्या दिवशी मी माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीला दुभाषी म्हणून नेलं. मामानं विचारलं, "आमच्या पोरीले धानाच्या शेतात तं नाही राबवणार?" मी हे कधीच जपानीत सांगितलं नसतं. तिनं जसंच्या तसं सांगितलं. सासरे हसले नाहीत. म्हणाले, मे महिन्यात लावणीला आणि शरदात कापणीला हात लागेल तेवढा लागेल. यंत्रं आहेत, पण माणसं कमी आहेत. त्या एका उत्तरामुळे मे महिन्याच्या सुट्ट्यांचं पुढचं सगळं गणित सगळ्यांना आधीच कळलं. मी दर वर्षी जाते. रोपांच्या पेट्या उचलून कंबर मोडते, तेही मामाला फोनवर सांगते.

८. म्हातारपण, दोन्हीकडचं

ज्या विषयावर कोणी फोन करत नाही आणि ज्यावर सगळ्यात आधी बोलायला हवं, तो हा.

नवरा थोरला मुलगा. थोरल्या मुलानं घर, शेत, बुत्सुदान आणि कबर सांभाळायची, ही अपेक्षा निईगातासारख्या भागात अजून जिवंत आहे. आपल्याकडच्यापेक्षा कमी नाही. पूर्वी थोरल्याची बायको म्हणजे सासू-सासऱ्यांची शेवटपर्यंतची परिचारिका. २००० मध्ये सरकारी शुश्रूषा विमा आला, चाळिशीपासून प्रत्येकाच्या पगारातून त्याचा हप्ता कापला जातो आणि गरज पडली की घरी मदतनीस येते. त्यामुळे सुनांचा भार बराच हलका झाला. पण अपेक्षा विम्यानं जात नाही. आमचं ठरलं ते असं: नोकऱ्या आहेत तोवर टोकियो, लावणीला आणि ऑगस्टमधल्या ओबोन या पूर्वजांच्या सणाला गाव, आणि दोघांपैकी कोणी अंथरुणाला खिळलं तर निर्णय धाकट्या दिरासकट सगळ्यांनी बसून घ्यायचा. कबरीच्या दगडावर माझं नाव येणार का, हा प्रश्न सासऱ्यांनी काढला होता. आमच्याकडे कबरीच नसतात; राख पाण्यात जाते. त्याचं उत्तर मी अजून दिलेलं नाही, त्यांनीही पुन्हा विचारलेलं नाही.

आता आपली बाजू. तुम्ही जपानी माणसाशी लग्न केलंत तर तुम्हाला जोडीदाराचा व्हिसा मिळतो, आणि तीन वर्षांचा संसार व जपानमधलं सलग एक वर्षाचं वास्तव्य झालं की कायम वास्तव्याचा अर्जही करता येतो. आईवडिलांसाठी मात्र असा रस्ता नाही. त्यांना येता येतं ते पाहुणे म्हणून, नव्वद दिवसांपर्यंत. उच्च कौशल्याच्या व्हिसावर असणाऱ्यांना मूल सात वर्षांचं होईपर्यंत आजी-आजोबांना आणायची सवलत आहे, तीही अटींसह आणि तेवढ्यापुरतीच. "नंतर आई-पप्पांना इकडेच आणू" असं म्हणणाऱ्या मुली मला भेटतात. अमेरिका-कॅनडातल्या नातेवाइकांचं ऐकून त्या बोलत असतात. इथं ते होत नाही. म्हणजे एक तर भारतात कोणी तरी जवळ हवं, किंवा तुम्ही दोघांनी कधी तरी भारतात जायची तयारी हवी. टोकियोहून नागपूरला थेट विमान नाही. दिल्लीत किंवा मुंबईत बदललं की घरी पोहोचायला सगळा दिवस जातो. रात्री दोनला येणाऱ्या फोनसाठी हा हिशोब आधी मांडलेला बरा. आमच्यात हा प्रश्न नवऱ्यानं काढला, मी नव्हे: "तुझ्या आईला काही झालं तर कोण?" त्या दिवशी मला याच्याशी लग्न करायचंय हे पक्कं झालं. फुजीसमोरच्या फोटोंनी तसं काही झालं नव्हतं.

९. मूल झालं तर

भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही आणि जपानही प्रौढांना ते ठेवू देत नाही. आमच्या लेकीसारखी मुलं जन्मानं जपानी असतात. भारतीय नागरिकत्वासाठी वर्षाच्या आत वकिलातीत नोंद करावी लागते, आणि मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून द्यावं लागतं. म्हणून बहुतेक घरं जपानी पासपोर्ट आणि भारताचं ओसीआय कार्ड निवडतात. हे आजी-आजोबांना फोनवर सांगायला कठीण जातं. "नात भारतीय नाही?" पप्पा म्हणाले. मग थोडं थांबून, "जयभीम म्हणते ना?" म्हणते. सासऱ्यांनाही म्हणते, तेही उत्तर देतात.

आणखी एक अप्रिय गोष्ट. नातं तुटलं तर मूल कोणाकडे, हेही आधी वाचून ठेवा. जपानमध्ये वर्षानुवर्षं घटस्फोटानंतर ताबा एकाच पालकाकडे जाई. संयुक्त ताब्याचा कायदा संमत झाला तो २०२४ मध्ये. मूल दुसऱ्या देशात परस्पर नेण्याबद्दलच्या हेग करारात जपान २०१४ पासून आहे, भारत नाही. प्रेमात असताना हे वाचवत नाही, पण वाचा.

१०. कागद

जपानी जोडप्याला कायद्यानं एकच आडनाव घ्यावं लागतं आणि सुमारे पंचाण्णव टक्के वेळा ते नवऱ्याचं असतं. परदेशी व्यक्तीशी लग्न केलं तर ही सक्ती नाही. कोसेकीत तुमची स्वतंत्र नोंद होत नाही, नवऱ्याच्या नोंदीत शेरा म्हणून तुम्ही येता. हे वाचून मला राग आला होता, पण त्याचा फायदा असा की नाव जसंच्या तसं राहतं. मी माझं ठेवलं. पासपोर्टवर मराठी रिवाजानुसार माझ्या नावापुढे पप्पांचं नाव आहे, त्यामुळे रहिवासी कार्डावर, बँकेत, विम्यात सगळीकडे मी पप्पांचं नाव घेऊन फिरते. बँकेच्या अर्जात चौकोन संपतात आणि आडनावाची शेवटची अक्षरं बाहेर राहतात. काउंटरवरची मुलगी दर वेळी माफी मागते.

लग्नासाठी भारतीय वकिलातीकडून, तुम्ही अविवाहित आहात आणि लग्नाला कायदेशीर अडचण नाही असा दाखला लागतो. त्यामागे जन्मदाखला आणि इतर कागद लागतात, वॉर्ड ऑफिसला जपानी भाषांतर लागतं, आणि कोणतं वॉर्ड ऑफिस काय मागेल ते आधी विचारूनच ठरवावं. सगळ्यात जास्त अडतं ते जन्मदाखल्यावर. आपल्यापैकी कितीतरी जणींच्या दाखल्यात बाळाच्या नावाची जागा कोरीच असते, कारण बारसं व्हायच्या आधीच नोंद झालेली. काहींच्या दाखल्यात आईचं माहेरचं नाव, काहींच्या वडिलांच्या नावात एक अक्षर कमी. हे टोकियोत बसून दुरुस्त होत नाही, आणि घरी अजून सांगितलेलं नसेल तर "दाखला कशाला हवा?" या प्रश्नाला उत्तर देताना सगळंच बाहेर पडतं. तेव्हा कोणी आवडत असो वा नसो, येत्या सुट्टीत गावी गेलात की महानगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जाऊन आपला जन्मदाखला एकदा उघडून बघा. नाव घातलेलं नसेल तर घालून घ्या, स्पेलिंग पासपोर्टशी जुळवून घ्या आणि तीन-चार प्रती काढून ठेवा.